बघणे वेगळे, बदलणे वेगळे

मंडळी, आज जरा वेगळा विषय. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने मोटारीच्या ड्राइव्हवर लिहावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण मुद्दा शेवटी वाचता येण्याचाच आहे, म्हणून लिहितो.

ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी पेटी. आपली वीज ५० हर्ट्‌झची. तिच्यावर चार पोलची मोटार मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. ड्राइव्ह हे हर्ट्‌झच बदलतो, म्हणून वेग बदलतो. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला, तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून आता लहान कारखान्यांतही या पेट्या दिसतात.

या पेटीत ज्या गोष्टी भरून ठेवायच्या, त्यांना पॅरामीटर म्हणतात. ते शेकड्यांनी असतात. सीमेन्सच्या ड्राइव्हमध्ये पी ०३०५ म्हणजे मोटारीचा रेटेड करंट, पी ११२० म्हणजे वेग घ्यायला लागणारा वेळ. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. जे बदलता येते त्याच्या आधी 'पी', जे फक्त बघता येते त्याच्या आधी 'आर'. बघणे आणि बदलणे यांतला फरक एका अक्षरात सांगितला!

हा फरक माणसे मात्र विसरतात. माझ्या भाच्याचे शिरोली एमआयडीसीत वर्कशॉप आहे. तिथला ब्लोअर एकदा सुरू होताच ट्रिप होऊ लागला. आयटीआय झालेला मुलगा शेजारी उभा, पण पेटीला हात लावायची त्याला बंदी. दोन दिवसांनी बाहेरून माणूस आला. त्याने वेग घेण्याचा वेळ शोधला, तो फारच कमी ठेवलेला होता, तो वाढवला आणि दहा मिनिटांत निघून गेला. भाच्याचे दोन दिवसांचे काम बुडाले आणि रोजंदारीवरच्या त्या मुलाची हजेरी.

आता कोणी म्हणेल, मुलाने भलतेच काही केले तर? शंका रास्त आहे. करंटचा आकडा चुकीचा जास्त भरला, तर मोटारीचे संरक्षण ढिले पडते आणि ती जळू शकते. म्हणून बदलण्याला खुशाल कुलूप लावा. पण बघण्याने काहीही जळत नाही. त्या मुलाला तो आकडा नुसता वाचता आला असता, तरी फोनवरच निकाल लागला असता.

माझे म्हणणे एवढेच. पहिले, पॅरामीटर नावाने शोधता आला पाहिजे. क्रमांक पाठ असलेल्यालाच सापडेल, ही व्यवस्था नको. दुसरे, मूळ सेटिंगपेक्षा काय काय बदललेले आहे, ती यादी काढायला शिकवा. डॅनफॉसच्या पुष्कळ ड्राइव्हमध्ये 'चेंजेस मेड' म्हणून ती तयारच मिळते. तिसरे, रोज लागणारे दहा पॅरामीटर, त्यांचे क्रमांक, आकडे आणि मराठीत अर्थ असा कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवा. याला खर्च काहीच नाही.

वाचू न देता माणूस जबाबदार होत नाही, हे चाळीस मुलांच्या वर्गात मी पुष्कळदा पाहिले आहे. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचेही तसेच आहे. तुमच्यापैकी कोणाचा कारखाना असेल, तर एवढा कागद तरी लावून बघा.