‘मितपान’ नव्हे, अल्प मद्यपान

रोज पेला-दोन पेले मद्य घेण्याला इंग्रजी ग्रंथांत जो शब्द येतो, त्याचे भाषांतर ‘मितपान’ असे सहज केले जाते. मला ते मान्य नाही. मिताहार, मितभाषण, मितव्यय हे मराठीत गुण होत. त्यांच्या पंक्तीस बसले, की मद्यपानही गुण ठरते.

थोडे मद्य मेंदूच्या झटक्यापासून रक्षण करते, हा समज आकड्यांतूनच निघाला. मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा थोडे पिणाऱ्यांना झटका कमी येतो, असे दिसे. परंतु न पिणाऱ्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही असतात, हे विसरून कसे चालेल?

चीनमधील सुमारे ५ लाख लोकांच्या पाहणीने २०१९ साली हा गुंता बराचसा सोडविला. पूर्व आशियात पुष्कळांच्या अंगी जन्मतःच असा जनुकभेद असतो, की घोट घेताच तोंड लाल होते, मळमळते; म्हणून ते फारसे पीत नाहीत. अशा व इतर पुरुषांची तुलना करताच थोड्या मद्याचा लाभ नाहीसा झाला. मात्रेबरोबर रक्तदाब व झटक्याचा धोका वाढतच गेला. तेथील स्त्रिया बहुधा पीत नाहीत. त्यांच्यात त्याच जनुकभेदाने धोका बदलला नाही. अर्थात दोष मद्याचा, जनुकाचा नव्हे.

झटक्यातून सावरणाऱ्याचा तोल आधीच ढळलेला, त्यात कित्येकदा रक्त न गोठू देणारी औषधे चालू. अशा घरी ‘मितपान’ हा शब्द अनुज्ञेसारखा वाचला जातो. मी ‘अल्प मद्यपान’ लिहितो, आणि मूळ ग्रंथात असल्यास किती ग्रॅम, तेही.