वहाण पायातच का बरी?

'मामा, तुम्ही काही म्हणा, पण बूट करावा तो इंग्रजानेच,' असे आमच्या एका भाच्याचे मत आहे. विलायतेत नोकरी करतो, त्यामुळे मत ऐकीव नाही, पायात घालून बनवलेले आहे. त्या मताशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या पुढच्या वाक्याशी. 'आपल्याकडे आहे काय? कोल्हापुरी! ती लग्नात फोटोपुरती ठीक.' यावर घरातल्या झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आयुष्यभर मास्तरकी केली. तपासल्याशिवाय मार्क द्यायची सवय नाही. तेव्हा मंडळी, दोन्ही पेपर आज तपासूनच टाकू.

पहिला पेपर इंग्रजाचा. लंडनच्या उत्तरेला नॉर्थॅम्प्टन नावाचे गाव आहे. चांगल्या इंग्रजी बुटांची पंढरी म्हणा ना. ट्रिकर्स (१८२९), चर्चेस (१८७३), क्रॉकेट अँड जोन्स (१८७९), एडवर्ड ग्रीन (१८९०) ही सगळी त्याच गावची घराणी. यांच्या बुटाची खुबी वरच्या चकाकीत नाही, तळाशी आहे. बुटाचा वरचा भाग आणि आतला तळ यांना कडेने चामड्याची एक पट्टी शिवतात. तिला वेल्ट म्हणतात. बाहेरचा तळ या पट्टीला वेगळ्या दोऱ्याने शिवलेला असतो. मधल्या पोकळीत बुचाचा लगदा भरतात, तो घालणाऱ्याच्या पावलाप्रमाणे हळूहळू बसतो. तळ झिजला की बाहेरचा दोरा कापायचा, तळ काढायचा, नवा शिवायचा. वरच्या चामड्याला धक्काही लागत नाही. असा बूट नीट सांभाळला तर वीस वर्षे चालतो. या शिवणीला गुडइयर वेल्ट म्हणतात, आणि हे गुडइयर इंग्रज नव्हेत, अमेरिकन! रबर पक्के करण्याची युक्ती काढणाऱ्या गुडइयरचे हे चिरंजीव. त्यांचे यंत्र १८७० च्या दशकात पुढे आले. मद्रासकडची कमावलेली कातडी त्या काळात बोटी भरभरून विलायतेला जात होती. म्हणजे यंत्र अमेरिकेचे, कातडे पुष्कळदा परक्या मुलखाचे आणि कीर्ती इंग्रजाची. पण कारागिरी खरी आहे, तेव्हा मार्क कापत नाही.

आता किंमत. चर्चेसचा एक जोड आजच्या भावाने लाखाच्या घरात जातो. भाचा म्हणतो, 'मामा, वीस वर्षांनी भागा.' भागले. वर्षाला पाच हजार. त्यात दर काही वर्षांनी नवा तळ बसवायचा खर्च वेगळा. त्यासाठी बूट कारखान्यात पाठवायचा. नॉर्थॅम्प्टन त्याच्यापासून आगगाडीने तासाभरावर, आमच्यापासून सात समुद्रांपलीकडे. भिवंडीत वेल्टचा तळ बदलून देणारा कोण आहे? वस्तू दुरुस्त होते हे तिचे मोल खरे, पण दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असला तरच. नाहीतर लाखाचा बूटही एकदा झिजला की माळ्यावर.

दुसरा पेपर कोल्हापुरीचा, आणि मोजपट्टी तीच. अस्सल जोडाचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. त्याला बरेच दिवस लागतात. थरावर थर ठेवून तळ करतात आणि चामड्याच्याच वादीने शिवतात. खिळा नाही. वरचा पट्टा, कान, अंगठा, नाजूक वेणी हे सगळे हाताचे काम, आणि त्यातले वेणी-शिवणीचे बरेचसे काम घरातल्या बायका करतात. त्यांचे नाव कुठल्याही खोक्यावर छापलेले नसते. तळ झिजला की नाक्यावरचा चांभार खाली रबराचा थर शिवून देतो. अंगठा तुटला की तिथल्या तिथे नवा. अधूनमधून तेलाचा हात फिरवला की चामडे मऊ राहते. इंग्रजी बुटाची जी सर्वांत मोठी खुबी, म्हणजे उसवता येणे आणि पुन्हा शिवता येणे, तीच या चपलेची खुबी आहे. फक्त ती आपल्याला कोणी इंग्रजीतून समजावून सांगितलेली नाही.

'पण चावते ना!' हो, चावते. नवा इंग्रजी बूटही चावतो. तिथे त्याला 'ब्रेक इन' करणे म्हणतात आणि कौतुकाने सोसतात. आपल्याकडे चार दिवस चावली की चप्पल बाजूला. 'पावसात चालत नाही!' नाही चालत. जुलैत आमच्या कल्याण नाक्यावर लाखाचा ऑक्सफर्ड घालून चालून दाखवा, मग बोलू. चामडे म्हटले की पाण्याशी वैर आलेच. पावसाळ्यात रबरी चप्पल घालावी, त्यात कमीपणा कसला? 'ऑफिसात चालत नाही!' हा आक्षेप मात्र खरा, पण तो चपलेवरचा नाही, ऑफिसावरचा आहे. थंड देशाच्या हवेसाठी निघालेले बंद पादत्राण एप्रिलच्या घामात मोजे घालून वापरायचे आणि त्याला सभ्यपणा म्हणायचे, हा नियम चपलेने केलेला नाही.

आता येतो खऱ्या रागाच्या गोष्टीवर. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. केवढा गहजब झाला! आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर स्वातंत्र्ययुद्धच पेटले होते. पुढे कंपनीने ही प्रेरणा भारतातली आहे हे मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड इथेच बनवून घेण्याचे जाहीर केले. किंमत साधारण आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. राग रास्तच होता. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांच्या या मालाला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

पण एक गंमत पाहा. वर उल्लेख केलेली चर्चेस कंपनी प्राडाने १९९९ साली विकत घेतली आणि आज ती त्यांच्याच छत्राखाली आहे. म्हणजे मालक एकच. त्याच्या इंग्रजी बुटाला लाख म्हटले की आपण 'क्वालिटी आहे' म्हणून मान तुकवतो. त्याच्या कोल्हापुरीला ऐंशी हजार म्हटले की 'चोर' म्हणतो. आणि ज्याच्याकडून चोरी झाली म्हणून आपण ओरडलो, त्या कारागिराने दोन हजार सांगितले की काय करतो? अंबाबाईचे दर्शन घेऊन आलेली हीच मंडळी चप्पल लाईनीत उभी राहतात आणि म्हणतात, 'बाराशेला देतोस का बोल.' तो बिचारा देतो. मग पुढचा जोड बाराशेत परवडावा म्हणून कुठेतरी हिरड्याऐवजी रसायन येते, चामड्याच्या थरात पुठ्ठा येतो. त्यानंतर आपणच म्हणतो, 'हल्ली कोल्हापुरीत पूर्वीची मजा राहिली नाही.' माल बिघडवणारा पहिला हात गिऱ्हाइकाचा असतो.

भिवंडीकराला तरी हे सांगायला नको. या गावात पूर्वी हातमाग होते, मग यंत्रमाग आले. बाजारात एकच प्रश्न उरला, मीटरला काय भाव? त्या प्रश्नाने सूत कुठवर पातळ झाले आणि कामगाराचा दिवस कुठवर लांबला, हे इथे सगळ्यांनी पाहिले आहे. आता मानकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामे उभी आहेत. त्यांतून सातशे रुपयांचे, डिंकाने चिकटवलेले बूट घरपोच येतात आणि वर्षभरात त्यांचा जबडा उघडतो. ते शिवता येत नाहीत. नाक्यावरचा चांभार हातात घेऊन उलटेसुलटे करतो आणि परत देतो. दहा वर्षांत असे दहा जोड, म्हणजे सात हजार रुपये आणि दहा वेळचा कचरा. यात स्वस्त काय आहे?

या सगळ्याच्या मुळाशी आपली एक म्हण आहे. 'पायातली वहाण पायातच बरी.' मी मराठी शिकवले, म्हणींवर माझे प्रेम आहे, पण ही म्हण मला कधीच आवडली नाही. वहाणेला खाली ठेवता ठेवता ती करणाऱ्या हाताला आपण खाली ठेवले. कोणाचा अपमान करायचा तर जोडे मारायचे, लाचारी दाखवायची तर जोडे उचलायचे. नॉर्थॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचे टोपणनाव ठाऊक आहे? 'द कॉबलर्स'. चांभार! हजारो लोक मैदानात त्या नावाने अभिमानाने आरोळ्या ठोकतात. आपल्याकडे तो शब्द शिवी म्हणून वापरणारे अजून आहेत. इंग्रजाच्या बुटाला लाख रुपये का मिळतात याचे निम्मे उत्तर वेल्टमध्ये आहे आणि निम्मे या टोपणनावात. ज्या धंद्यात पैसाही नाही आणि मानही नाही, त्या धंद्यात कारागिराने आपल्या मुलाला का घालावे? मुलगा शिकून बाहेर पडला तर मास्तर म्हणून मला आनंदच होईल. पण त्याला जायचे असेल तर हौसेने जावे, अपमानाने हाकलला जाऊ नये.

म्हणून भाच्याला माझे सांगणे इतकेच. बाबा रे, इंग्रजी बूट जरूर घाल, तुझ्या थंडीत तो शोभतो. पण पुढच्या खेपेला आलास की कोल्हापूरला जा, कारागिराच्या हातून एक जोड घे आणि तो सांगेल ती किंमत दे. घासाघीस करायची हौसच असेल तर ती नॉर्थॅम्प्टनला करून पाहा, आणि काय उत्तर मिळते ते मला कळव.