कॅसलरॉकचे ऋण

गोव्यातून बेळगाव-हुबळीकडे निघालेला प्रवासी मोले मागे टाकून अनमोडचा घाट चढू लागतो, तेव्हा आपण एक सीमा ओलांडीत आहोत याची त्याला आज फारशी जाणीव होत नाही. तपासणी नाक्यावर वाहन क्षणभर थांबते, पुढे फलकांवरची लिपी बदलते, एवढेच. परंतु याच घाटमाथ्यावर, उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या उत्तर टोकाला, कॅसलरॉक नावाचे जे लहानसे गाव आहे, ते १९६१ पर्यंत दोन राज्यसत्तांच्या उंबरठ्यावर उभे होते. खाली कुळे येथे पोर्तुगिजांची जकात आणि वर कॅसलरॉकला आधी इंग्रजांची व नंतर स्वतंत्र भारताची जकात, अशी या रेल्वेमार्गाची विभागणी होती. मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या आणि चतुर्थीला वा नाताळला घरी परतणाऱ्या किती गोमंतकीयांच्या पेट्या या स्टेशनावर उघडल्या गेल्या असतील, त्याची गणती नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे गेलो होतो. धुक्यात बुडालेले फलाट, घाट उतरण्यासाठी जादा इंजिनांची वाट पाहणारी मालगाडी आणि दूधसागर पाहण्याच्या ओढीने आलेले तरुणांचे घोळके असे तेथील दृश्य होते. त्या तरुणांपैकी दोघा-तिघांना आम्ही विचारले की, या स्टेशनाविषयी काय ठाऊक आहे? “धबधब्याचे स्टेशन,” एवढेच उत्तर आले. त्यांचा दोष नाही. तेथे दुसरे काही सांगणारी एक पाटीही आमच्या दृष्टीस पडली नाही.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यातून मुरगाव बंदर आणि घाटमाथा यांना जोडणारा लोहमार्ग उभा राहिला. १८८८ पर्यंत तो कॅसलरॉकला पोचला. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटरचे, आणि चढ सदतीस फुटांमागे एक फूट. हा डोंगर कोणी फोडला, त्यात किती मजूर हिवतापाने आणि दरडींखाली गेले, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. कंपनीचे भागधारक मात्र इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात.

याच लोहमार्गाने पुढे गोव्याच्या स्वातंत्र्याची वार्ता ये-जा करू लागली. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याची ठिणगी टाकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, घाटमाथ्यावरील लोंढा येथे नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेची स्थापना झाली. सप्टेंबरच्या अखेरीस लोहिया पुन्हा गोव्यात येऊ लागले, तेव्हा त्यांना कुळे स्टेशनावरच पकडण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजारो निःशस्त्र सत्याग्रहींनी ठिकठिकाणांहून सीमा ओलांडली. पोर्तुगिजांच्या गोळीबारात त्या दिवशी वीसहून अधिक जणांना हौतात्म्य आले. त्या दिवशी ज्या ठिकाणांहून सत्याग्रही निघाले, त्यांत कॅसलरॉक होते. पुढे १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याची एक तुकडी पूर्वेकडून मोलेमार्गे फोंड्याकडे उतरली.

पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आज गोमंतकीयांच्या नित्य स्मरणात आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घाटमाथ्याने सत्याग्रहींना अंथरूण दिले, भाकरी दिली, जखमींना पाणी पाजले, त्या गावांचे नाव आपल्या समारंभी भाषणांत क्वचितच येते. गोव्याचा स्वातंत्र्यलढा केवळ गोव्याच्या हद्दीत घडला, अशी एक सोयीस्कर समजूत आपण करून घेतली आहे. लढणाऱ्याला पाठीमागे टेकायला जागा लागते. गोव्याला ती जागा सावंतवाडीने दिली, बेळगावने दिली, कारवारने दिली, आणि सुप्याच्या अरण्यानेही दिली.

आश्रय देणे हा तर या मुलखाचा जुना धर्म आहे. बाराव्या शतकात कल्याणातील उलथापालथीनंतर बसवेश्वरांचे अनुयायी शरण रानावनांतून पश्चिमेकडे सरले आणि चन्नबसवण्णांनी याच तालुक्यातील उळवी येथे देह ठेवला. आजही उळवीच्या यात्रेला उत्तर कर्नाटकातून बैलगाड्यांच्या रांगा येतात. पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळाला कंटाळून आपल्या पूर्वजांनी गोवा सोडला आणि या डोंगरांत नांगर धरला, ही आठवण जोयड्याच्या कुणबी समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. उलट दिशेनेही माणसे गेली. १७६३ च्या सुमारास हैदरअलीने सोंदे राज्य घेतले, तेव्हा सोंदेकर राजाने घाट उतरून गोव्यात आसरा घेतला. बांदोड्याला त्याचा वंश राहिला. फोंडे, सांगे, केपे, काणकोण हे आजचे गोव्याचे तालुके एकेकाळी सोंद्याच्या छत्राखाली होते, हे आपल्या शाळकरी मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल? नकाशावरची रेषा पुढे आली. त्याआधी डोंगराच्या दोन्ही बाजूंना नांदणारी माणसे एकच होती.

त्या रेषेचे परिणाम मात्र आजही भोगावे लागतात. गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. त्यांचेच भाऊबंद असलेले, तीच कोकणी बोलणारे, तीच कंदमुळे पिकवणारे जोयड्याचे कुणबी हीच मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. घाट चढला की नाते बदलते काय?

आता या आश्रयदात्या मुलखावरच काय प्रसंग आला, तेही सांगितले पाहिजे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपे नावाचे गाव होते. तालुक्याचे ठाणे तेथे होते, बाजार भरत असे, देवळे होती, शाळा होती. काळी नदीवरील जलविद्युत प्रकल्पासाठी तेथे १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले आणि १९८० च्या दशकात सुपे पाण्याखाली गेले. त्या जलाशयात सुमारे १४५ अब्ज घनफूट पाणी मावते. कर्नाटकाच्या घराघरांत दिवे लागले, कारखाने चालले, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले, विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांना बेळगाव-गोवा रस्त्यावर रामनगर येथे वसवण्यात आले, आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला होते ते नावही हळूहळू मावळले. उरलेल्या रानावर व्याघ्रप्रकल्पाची बंधने आली. वन राखलेच पाहिजे. परंतु एवढे विस्तीर्ण वन ज्यांच्या वस्तीमुळे टिकले, ती पन्नास हजारांच्या आसपासची वस्ती स्वतःच्या मुलखात पाहुण्यासारखी होऊन बसली आहे.

रामनगरात आम्हांला एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एक पिवळी पडलेली पावती काढून आमच्या हातात ठेवली. सुप्याच्या त्यांच्या घराची घरपट्टी भरल्याची ती पावती होती. घर पाण्याखाली आहे, पावती जपलेली आहे. त्याच डब्यात त्यांच्या आजोबांच्या हातची मोडी कागदपत्रे होती आणि कॅसलरॉकहून निघालेल्या सत्याग्रहींना घरी जेवू घातल्याची आठवण वडिलांनी वहीत टिपून ठेवलेली होती. ते म्हणाले, “साहेब, मुलगे पुण्याला असतात. त्यांना मोडी वाचता येत नाही. माझ्यामागे हे सगळे रद्दीत जाणार. हे द्यायचे तरी कोणाला, ते सांगा.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पणजीच्या वस्तुसंग्रहालयाला सुप्याची घरपट्टी कशाला हवी? बंगळूरला गोव्याच्या सत्याग्रहींची वही कोण उघडून पाहणार? आणि जिल्ह्याचे ठाणे जे कारवार, तेथे समुद्रकिनाऱ्यावर ‘चपळ’ ही निवृत्त युद्धनौका संग्रहालय म्हणून मोठ्या थाटात उभी आहे. पण त्याच जिल्ह्यातील बुडालेल्या गावासाठी एक खोली कोणाला सुचलेली नाही. दोन राज्यांच्या सीमेवरचा इतिहास हा असा दोघांच्याही दप्तरांतून गळून पडतो.

म्हणून आमची सूचना अशी की, कॅसलरॉक येथे या सीमाप्रदेशाचे एक छोटे वस्तुसंग्रहालय उभारावे. हे काही जगावेगळे मागणे नव्हे. नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, रशियाच्या सीमेला लागून किर्केनेस नावाचे छोटे शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने ते जवळजवळ भुईसपाट झाले. १९४४ च्या शरद ऋतूत सुमारे तीन हजार माणसांनी जवळच्या लोखंडाच्या खाणीच्या बोगद्यात आश्रय घेतला होता. त्या शहरात आज ‘सीमाभूमी संग्रहालय’ आहे. तळ्यातून वर काढलेले सोव्हिएत विमान तेथे ठेवले आहे, आणि सीमेवरच्या साध्या माणसांनी ते दिवस कसे काढले याची हकीगतही सांगितली जाते. आपल्याकडे अमृतसरला जुन्या टाऊन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय सुरू झाले. त्यातही सामान्य कुटुंबांनी जपलेल्या पेट्या, कपडे, पत्रे आणि प्रत्यक्ष ऐकून नोंदवलेल्या आठवणी आहेत. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकेच मोल निर्वासिताच्या पेटीला असते, हे तेथे गेल्यावर पटते.

यावर आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला, अरण्यात नवे बांधकाम कशाला? तो रास्त आहे. तिनईघाट ते कुळे या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध गोव्यातील जनतेने आवाज उठवला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची परवानगी रद्द ठरवली, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच एकही झाड न तोडता, रेल्वेच्याच एखाद्या जुन्या वास्तूत हे दालन व्हावे. रेल्वेला हे काम नवे नाही. हुबळी येथे २०२० साली तिनेच संग्रहालय उघडले आहे. दुसरा आक्षेप भाषेचा. कारवार, सुपे, हल्याळ ही नावे सीमावादाच्या यादीत आहेत, आणि तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. परंतु संग्रहालय हे दावा सांगण्याचे ठिकाण नव्हे. तेथील पाट्या कन्नड, कोकणी आणि मराठी या तिन्ही भाषांत असाव्यात, कारण सुप्याच्या बाजारात तिन्ही भाषा ऐकू येत असत. मोडी कागद कोणत्या बाजूचा पुरावा ठरेल, या हिशेबाने जो तेथे जाईल, त्याने न गेलेले बरे.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर गोव्याने द्यावे, असे आम्हांस वाटते. मुक्तिदिनाच्या जाहिराती, मंडप आणि सत्कार यांवर आपण दरवर्षी जो खर्च करतो, त्याचा अल्पसा अंश या कामी लावणे गोवा सरकारला जड नाही. कर्नाटक सरकारने आणि रेल्वेने जागेचा प्रश्न सोडवावा; दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांनी इतिहासाचे विद्यार्थी पाठवावेत. इमारतीची वाट न पाहता त्यांनी पहिल्या वर्षी एवढेच करावे: घरोघर जावे, आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन मूळ कागद मालकाला परत द्यावेत.

घाई करण्यास कारण आहे. १९५५ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. सुपे सोडताना ज्या स्त्रीने तिशीत संसाराची भांडी गाडीत भरली, ती आता सत्तरी ओलांडून गेली आहे. आमच्या पिढीने या माणसांच्या मांडीवर बसून या गोष्टी ऐकल्या. पण त्या लिहून ठेवण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत, ही कबुली येथेच देतो. आणखी दहा वर्षांनी उत्तम इमारत मिळेल, भरपूर अनुदान मिळेल; मात्र सांगणारे कोणी उरणार नाही.

धरणाने बुडवलेले गाव कोणालाही वर काढता येणार नाही. परंतु रामनगरातील त्या वृद्धाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे दोन सरकारांना, एका रेल्वेला आणि काही लाख गोमंतकीयांना मिळून अशक्य नसावे. त्यांचा पत्र्याचा डबा अजून जागेवर आहे. तो स्वीकारायला कोणीतरी वेळेवर घाट चढून जावे, एवढेच आमचे मागणे आहे.