शक्यता आहे, पण किती?

वसमत तालुक्यांतील हट्टा व आसपासच्या गांवीं मृग लागला कीं शेतकरी व दुकानदार या दोघांचेंहि लक्ष एकाच वाक्याकडे लागतें: "मराठवाड्यांत पावसाची शक्यता आहे." या वाक्यावर सोयाबीनचें बियाणें उधारीनें उचललें जातें, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं शिजवून वाळत घातलेली हळद रात्रीं झांकावी कीं उघडी ठेवावी, हेंहि याच वाक्यावर ठरतें. ज्या शब्दावर इतका पैसा लागतो त्याचा नेमका अर्थ काय, हें फारसें कोणी विचारीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांत या ठिकाणीं 'लाइकली' हा शब्द असतो. त्याचें मूळ 'लाइक' म्हणजे सारखा. आणि त्याच्याहि मुळाशीं देह किंवा आकार या अर्थाचा एक जुना जर्मानिक शब्द आहे. तेव्हां ज्याचें रूप खऱ्यासारखें दिसतें तें 'लाइकली'. आपण म्हणतों, 'पावसाचा रंग दिसतो', तोच हा भाव. त्याचा सोबती 'प्रॉबेबल' हा लॅटिन भाषेंतील पारखणें, पसंत करणें या अर्थाच्या धातूपासून निघाला. जाणत्यांनीं मान्य करावें असें मत, हा त्याचा जुना अर्थ. १६५४ सालीं पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनीं जुगाराच्या डावाविषयीं पत्रव्यवहार केला, आणि तेव्हांपासून या संभवास अंकाची जोड मिळत गेली.

आमचा 'शक्यता' हा शब्द मात्र 'शक्' धातूचा. होऊं शकतें, एवढेंच तो सांगतो. शंभरांत एकदां घडणारी गोष्टहि शक्यच, आणि नव्वद वेळां घडणारीहि शक्यच!

खात्यानें आपल्या इंग्रजी शब्दांस मापें ठरवून दिलीं आहेत. संभव शेंकडा २५ ते ५० असेल तर 'लाइकली', ५० ते ७५ असेल तर 'व्हेरी लाइकली', ७५ च्या वर 'मोस्ट लाइकली'. म्हणजे नुसतें 'लाइकली' असेल तेव्हां पाऊस न येण्याचेंच पारडें बहुधा जड असतें. उलट, हवामानबदलाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांत हाच शब्द शेंकडा ६६ हून अधिक संभवास लावतात. शब्द एक, मापें दोन! शिवाय 'तुरळक ठिकाणीं पाऊस' म्हणजे विभागांतील फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस. हें सारें मराठींत येतांना बहुतेक वेळां 'शक्यता' या एका शब्दांत बुडून जातें. मग पाऊस हुकला कीं खात्यास खोटें ठरवावयाचें, आणि दुबार पेरणीचा खर्च मात्र शेतकऱ्यानें सोसावयाचा, हा कोठला न्याय?

कोणी म्हणतील, खेड्यांतील माणसास हे शेंकडे काय कळणार? आम्ही त्यांस विचारतों कीं, जो मनुष्य शेंकडा दोन दराचें व्याज तोंडीं मोजतो त्यास शेंकडा चाळीस पाऊस कळणार नाहीं काय? अडाणी तो नव्हे. त्याच्यापुढें अंक न ठेवणारे आपण दोषी आहोंत.

उपाय सोपा आहे. मराठी वर्तमानपत्रांनीं व ग्रामपंचायतींच्या फलकांनीं 'शक्यता' या शब्दाशेजारीं त्याचा शेंकडा छापावा. बियाण्याच्या व्यापाऱ्यानें तो गिऱ्हाइकास वाचून दाखवावा. उधारी बुडण्यापेक्षां चार दिवस विक्री लांबलेली बरी. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये हा कृषि खात्याचा सल्ला कोणत्याहि शब्दाहून थोर मानावा. तागडीवांचून हळद न विकणाऱ्या व्यापाऱ्यानें बिनमापाचा शब्द तरी कां घ्यावा?