वेगवान हॅचबॅक मूठभरांसाठी नसते

फोक्सवॅगनने मे 2025 मध्ये गोल्फ जीटीआय भारतात विकायला आणली. शोरूममधली किंमत 53 लाख रुपये. पहिल्या तुकडीत गाड्या अवघ्या 150, आणि त्या सगळ्या किंमत जाहीर होण्याआधीच आरक्षित झालेल्या. रस्ता कर आणि विमा धरला तर मुंबई-पुण्यात ही गाडी तेव्हा साठ लाखांच्या पुढे गेली. साडेचार मीटरही लांबी नसलेल्या हॅचबॅकला एवढे पैसे मोजावेत का, यावर गाडीवेड्यांचे सरळ दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, ही उधळपट्टी आहे. दुसरा म्हणतो, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही.

मला दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात खोट दिसते. माझे म्हणणे असे की गाडी अस्सल आहे, पण मर्यादित आवृत्ती म्हणून तिचा सौदा पैसे वसूल करणारा नाही. हॉट हॅच, म्हणजे वेगवान हॅचबॅक, या जातीच्या गाडीचे सगळे मोल ती पुष्कळांच्या हाती असण्यात आहे. विरळपणाने ते वाढत नाही, उलट घटते.

आधी विरोधकांचे आक्षेप घेतो, कारण निष्कर्ष त्यांच्या जवळचा असला तरी त्यांची कारणे मला मान्य नाहीत.

पहिला आक्षेप असा की एवढ्या पैशात बीएमडब्ल्यू एक्स1 येते किंवा टोयोटाची फॉर्च्युनर येते, मग हॅचबॅक कशाला? या म्हणण्यामागे एकच माप आहे: गाडीची उंची आणि तिच्या नावाचा रुबाब. गाडी चालवण्याचा आनंद या मापात बसतच नाही. जीटीआयमध्ये दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ते 265 पीएस शक्ती आणि 370 न्यूटन मीटर टॉर्क देते. शून्यापासून शंभरचा वेग गाडी 5.9 सेकंदांत गाठते. पुढच्या चाकांमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डिफरेन्शियल लॉक आहे, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरत राहत नाही, बाहेरच्या चाकाला जोर मिळतो. ही यंत्रणा ज्याला कळते त्याला उंच बॉनेटची भुरळ पडत नाही. आकाराने मोठी ती चांगली, हा निकष वाहनशास्त्राचा नव्हे, शेजाऱ्यांवर छाप पाडण्याचा आहे.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा, घाटात त्याहूनही कमी, आणि गावोगावचे गतिरोधक वेगळेच. मग हा वेग वापरायचा कुठे? या आक्षेपात हॉट हॅचविषयीचा मूळ गैरसमज आहे. या गाडीची गंमत कमाल वेगात नसते. स्टिअरिंग वळवताच नाक वळते, ब्रेक दाबताच गाडी बसते, तिसऱ्या गिअरमध्ये पाय किंचित दाबला की गाडी सरळ उत्तर देते. हे सगळे ताशी पन्नास-साठच्या वेगातही जाणवते, कायदा न मोडता जाणवते. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात आपल्या बाजूने, आपल्या मर्यादेत जाणाऱ्या चालकालाही चांगली हॅचबॅक आणि सुस्त हॅचबॅक यांतला फरक पहिल्या दोन वळणांत समजतो. खड्ड्यांची तक्रार मात्र खरी आहे. 225/40 मापाचे 18 इंची टायर आपल्या पावसाळ्यासाठी बनलेले नाहीत. पण तो टायरच्या निवडीचा प्रश्न झाला. हॉट हॅचच्या कल्पनेवर त्याने आच येत नाही.

आता समर्थकांकडे वळू. त्यांची बाजू अधिक गांभीर्याने घ्यायला हवी, कारण ते गाडीवर प्रेम करणारे लोक आहेत.

त्यांचा पहिला युक्तिवाद गुंतवणुकीचा: गाड्या मोजक्याच, म्हणून पुढे किंमत चढणार. याचा दाखला शोधायला दूर जायला नको. याच कंपनीने नोव्हेंबर 2016 मध्ये पोलो जीटीआय भारतात आणली होती. तीन दारांची, 1.8 लिटर इंजिनाची, 192 पीएसची. आकडा ठरवला होता फक्त 99 गाड्यांचा आणि किंमत 25.99 लाख. पुढच्याच वर्षी कंपनीने ती किंमत 19.99 लाखांवर आणली. पहिल्या महिन्यांत पूर्ण पैसे भरून घेणाऱ्याला विरळपणाने काय दिले? सहा लाखांचा फरक. पुढे एखादी जुनी पोलो जीटीआय चांगल्या भावात गेली असेलही. पण ज्याला गाडी कपाटात ठेवून विकायची आहे त्याला गाडी हवीच नाही, त्याला व्याज हवे आहे. त्याने बँकेत जावे.

दुसरा युक्तिवाद वारशाचा: जीटीआय म्हणजे पन्नास वर्षांचा इतिहास, त्याची किंमत मोजावीच लागते. हा इतिहास मीही मानतो. म्हणूनच तो नीट वाचावा, असा माझा आग्रह आहे. 1974 मध्ये फोक्सवॅगनमधल्या मोजक्या अभियंत्यांनी कामाच्या वेळेबाहेर, वरिष्ठांच्या नकळत एका जलद गोल्फवर काम सुरू केले. 1975 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती लोकांना दिसली आणि 1976 मध्ये बाजारात आली. 1.6 लिटरचे इंजिन, 110 पीएस, वजन आठशे किलोच्या घरात. आसनांवरचे चौकड्यांचे कापड आणि गिअरच्या दांड्यावरची गोल्फच्या चेंडूच्या आकाराची मूठ गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंच्या कल्पनेतून आली. कंपनीला भीती होती की असली गाडी कोण घेणार. म्हणून योजना होती फक्त 5,000 गाड्यांची.

जीटीआय घडली ती यानंतर. लोकांनी कंपनीची भीती खोटी ठरवली आणि एकट्या पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक जीटीआय विकल्या गेल्या. महामार्गावर मोठमोठ्या सलून गाड्यांच्या मागे लागणारी ही लहान गाडी शिक्षकाच्या, तंत्रज्ञाच्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या तरुणाच्या दारात उभी राहिली. आठवड्याचा बाजार तिच्यातूनच यायचा, मुले शाळेत तिच्यातूनच जायची आणि रविवारी डोंगरातल्या रस्त्यावर तीच गाडी मालकाला खूश करायची. जीटीआयचा वारसा हा आहे. पाच हजारांची मर्यादा पाळली गेली असती, तर आज हे नाव एखाद्या संग्रहालयाच्या पाटीवर उरले असते. ज्या गाडीने मर्यादा ओलांडून नाव कमावले, तिच्याच वारशाचा हवाला देऊन दीडशेचा आकडा मिरवणे हा त्या वारशाचा अवमान आहे.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत तुल्यबळ: मर्यादित संख्येच्या हॉट हॅच जगभर निघतात आणि त्या उत्तम असतात. हे खरे आहे, पण ती मर्यादा कुठून आली ते पाहायला हवे. रेनोने 2008 मध्ये मेगान आर26.आर काढली. मागची आसने काढली, मागच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवले, गाडीचे वजन 123 किलोने उतरवले आणि संख्या ठरवली 450. टोयोटाची जीआर यारिस 2020 मध्ये आली ती जागतिक रॅलीची पात्रता डोळ्यांपुढे ठेवून. तिला नेहमीच्या यारिसपेक्षा वेगळा सांगाडा, तीनच दारे, कार्बन फायबरचे छप्पर, 1.6 लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना शक्ती. मोतोमाची कारखान्यात तिच्यासाठी वेगळी जुळणी व्यवस्था उभी केली. या गाड्यांवर खर्च झालेला जादा पैसा धातूत, सांध्यात, कारागिराच्या हातात गेला आहे. तिथे जादा किंमत न्याय्य आहे आणि त्या गाड्या घेणाऱ्याला मी एका शब्दाने बोल लावणार नाही.

भारतातल्या जीटीआयची मर्यादा या प्रकारची नाही. युरोपात ही कारखान्यातून नियमित निघणारी गाडी आहे. अमेरिकेत थोड्या कमी शक्तीची जीटीआय 2025 मध्ये 33 हजार डॉलरच्या आसपास सुरू होत होती, आणि तिथे अशी संख्येची मर्यादा नव्हती. इथे ती मोजकी आहे, कारण ती पूर्ण बांधलेली आयात होते. युरोप वा जपानच्या मानकांत बसणारी वाहने इथे वेगळी चाचणी न करता वर्षाला 2,500 पर्यंत आणण्याची सवलत केंद्र सरकारने 2018 मध्ये कंपन्यांना दिली, तिचा हा वापर. त्यावर आयात शुल्क: 40 हजार डॉलरच्या आतल्या गाडीला 70 टक्के. बंदरावर शंभर रुपयांना उतरलेली गाडी शुल्काने 170 रुपयांची होते. त्यावर तेव्हा जीएसटी आणि उपकर मिळून 48 टक्के होते, म्हणजे ती अडीचशेच्या वर गेली. रस्ता कर त्यानंतर. खरेदीदाराच्या 53 लाखांतला अर्ध्याहून अधिक पैसा करांत गेला. त्या पैशाने एक ग्रॅम वजन कमी होत नाही, एक अश्वशक्ती वाढत नाही. कंपनीने लोभ दाखवला असे मी म्हणत नाही. कर तिने लावलेले नाहीत. पण पैसे वसूल होतात का, हा प्रश्न घेणाऱ्याचा आहे. त्याच्या पदरात पडते ती साधारण वीस-पंचवीस लाखांची उत्तम गाडी आणि उरलेल्या पैशांची पावती.

आता शेवटचा युक्तिवाद, जो ऐकून पुष्कळ जण गप्प होतात: भारतात स्वस्त हॉट हॅच चालतच नाहीत, म्हणून आयात हाच एक मार्ग. फियाटने 2015 मध्ये रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो 145 पीएस शक्तीसह दहा लाखांच्या आत दिली; ती टिकली नाही. मारुतीची बलेनो आरएस 2017 मध्ये आली आणि तीन वर्षांत गेली. टाटाने कोइम्बतूरच्या जयेमबरोबर केलेली टियागो जेटीपी 2018 ची. तिलाही 2020 चे बीएस6 नियम ओलांडता आले नाहीत. टाटाचीच अल्ट्रोझ रेसर जून 2024 मध्ये आली, आणि पुढच्या मे महिन्यात अल्ट्रोझचे नवे रूप आले तेव्हा त्यात रेसर नव्हती.

ही यादी खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. अबार्थ आली तेव्हा फियाटचे विक्री आणि सेवेचे जाळे विरत चालले होते. गाडी आवडूनही दुरुस्तीच्या धास्तीने लोक मागे सरले. बलेनो आरएसचे 102 पीएस हे धाडस अर्धवट होते. जेटीपी नियमबदलात गेली. ज्या गाडीला वेळ मिळाला, पाठबळ मिळाले, ती चालली. चाकणच्या कारखान्यात बनलेली पोलो बारा वर्षे विकली गेली. 2013 मध्ये तिला 1.2 लिटरचे टीएसआय इंजिन आणि सात गिअरची डीएसजी पेटी मिळाली, किंमत आठ लाखांच्या आत. त्या पोलो जीटीने मराठी मध्यमवर्गातल्या एका पिढीला वळणदार रस्त्याची गोडी लावली. 2010 पासून पोलो कपच्या शर्यतींत एकसारख्या पोलो चालवत कितीतरी तरुण चालक घडले, रॅलींमध्ये पोलो नित्याची झाली. 2022 मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी चांगली राखलेली जुनी पोलो आजही लोक शोधत फिरतात. हॉट हॅचला भारतात गिऱ्हाईक नाही, हे विधान चाकणच्या दारात उभे राहून कुणी करू नये.

म्हणून माझे मंडन चाकणपासूनच सुरू होते. 115 पीएसचे एक लिटरचे टीएसआय इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या इथल्या गाड्यांत बसते. चार मीटरच्या आत बसणारी स्कोडा कायलॅक चाकणलाच बनते. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के आहे. त्यापलीकडे 40 टक्के. म्हणजे इंजिन इथे, पाया इथे, कराचा दिलासाही इथे. या पायावर बुटकी, हलकी, घट्ट सस्पेन्शनची, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली मॅन्युअल हॅचबॅक बारा-तेरा लाखांत देणे अशक्य नाही. ती 5.9 सेकंदांत शंभर गाठणार नाही. गाठायला नकोच. ती हजारो घरांत पोहोचली, की 1976 च्या गाडीने जर्मनीत केले ते काम इथे करील. ह्युंदाईची आय20 एन लाइन 120 पीएस देत 2021 पासून दहा लाखांच्या आसपास टिकून आहे. त्या दिशेने बाजार आहे याची ती साक्ष आहे.

सरकारकडेही एक मागणी आहे. लांबी आणि सीसीवर कर बेतल्याने दीड लिटरचे चांगले इंजिन लहान गाडीत घालणे कंपन्यांना परवडत नाही. चाकणलाच 150 पीएसचे दीड लिटरचे टीएसआय इंजिन व्हर्टसमध्ये बसते, पण छोट्या गाडीत ते घातले की कर 18 वरून थेट 40 टक्क्यांवर जातो. इंधनक्षमता आणि उत्सर्जन यांवर कर ठेवला, तर कार्यक्षम टर्बो इंजिनाला लहान गाडीत जागा मिळेल.

माझा निवाडा असा. ज्याच्याकडे पैसा आहे आणि जो जीटीआय रोज, पावसापाण्यात, घरच्या कामाला आणि घाटाला सारख्याच हौसेने चालवणार आहे, त्याने गाडीसाठी पैसे दिले असे मी मानेन. त्याचा सौदा महाग असला तरी खोटा नाही. दीडशेतला एक होण्यासाठी ज्याने 53 लाख मोजले, त्याचे पैसे वाया गेले. बाकीच्या आपण सगळ्यांनी, ज्यांना वेगवान छोटी गाडी मनापासून आवडते, शोरूममध्ये जाऊन टर्बो इंजिनाची, मॅन्युअल गिअरची, इथे बनलेली हॅचबॅक मागावी. आणि ती आली तर दुसऱ्या वर्षाच्या सवलतीची वाट न पाहता पहिल्याच वर्षी घ्यावी. कंपन्यांना मागणी आकड्यांत दिसते, आणि तो आकडा आपणच वाढवू शकतो.