सोसण्यापलीकडची श्रद्धा

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या सरकारी छावण्यांतून एक मराठी विधवा हिंडत होती. वय अडतीसच्या आसपास, केस आखूड कापलेले, ऐकू येणे कमी झालेले. हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि तरुण बायका ती गोळा करत होती. उपाशी मुली हेरून त्यांना पळवणारे दलाल त्याच वाटांवर फिरत होते, छावण्यांतही बायका सुरक्षित नव्हत्या, आणि हे तिने जाहीरपणे लिहिले. त्या एका मोहिमेतून शेकडो मुली पुणे जिल्ह्यात आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, नव्या मुलींना शहरात ठेवण्याची सोय उरली नव्हती. म्हणून दौंडजवळच्या केडगावला, फळबाग लावण्यासाठी घेतलेल्या माळरानावर तंबू ठोकले गेले. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथे उभे राहिले.

रमाबाईंना भुकेची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी 1858 मध्ये सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जन्मली आणि चालू लागल्यापासून आईवडिलांबरोबर तीर्थे करत, पुराणे सांगत फिरली. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाचे सगळे संपले. शास्त्री घराण्याने मजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही, ही रीत. झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर वडील जलसमाधीला निघाले, तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि मी मोलमजुरी करीन म्हणाला. तोवर फार उशीर झाला होता. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तर हिंदुस्थान पालथा घालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. दोन वर्षांत भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, मुलगी झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मनोरमाला एक वर्षही पुरे झालेले नव्हते.

ख्रिस्ती श्रद्धा आणि दुःख यांविषयी बोलताना महाराष्ट्रात या बाईला टाळून पुढे जाता येत नाही. देवळांतून आणि घरांतून ज्या श्रद्धेचे कौतुक होते ती पुष्कळदा गप्प बसणारी असते. कुणी गेले की ‘देवाची इच्छा’, कुणाचा संसार मोडला की ‘प्रभू परीक्षा घेतो आहे’, नवरा मारतो अशी बाई पाळकांकडे आली की ‘आपला वधस्तंभ उचलून चाल’. यातले शेवटचे वाक्य तर क्रूर आहे. येशूने जो वधस्तंभ उचलला तो स्वतः निवडला होता, दुसऱ्याच्या मुठीतून तो त्याच्यावर सक्तीने आला असे शुभवर्तमाने सांगत नाहीत. मार खाणाऱ्या बाईला तो शब्द ऐकवणे म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूने देवाची सही करणे. रमाबाईंच्या आयुष्यातली चिकाटी या गप्प सोसण्याच्या अगदी उलट टोकाला उभी आहे, आणि तीच ख्रिस्ती परंपरेच्या अधिक जवळची आहे, असे ठामपणे म्हणावे लागेल.

इंग्लंडला त्या 1883 मध्ये गेल्या, वैद्यकीच्या शिक्षणासाठी. कानांनी साथ दिली नाही आणि ते शिक्षण राहून गेले. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजच्या मठात राहत असताना आत्महत्या केली. परक्या मुलुखात, लहान मूल कडेवर घेऊन, त्या धक्क्यातून नुकत्याच सावरत असताना 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने खचलेल्या बाईला मिशनऱ्यांनी गाठले, असा निष्कर्ष तेव्हाही काढला गेला आणि आजही काढला जातो. पण नंतरचा पत्रव्यवहार तो टिकू देत नाही. ज्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच रमाबाई वर्षानुवर्षे भांडत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, बिशपांचा शब्द अखेरचा मानणार नाही, मांसाहार करणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. पदरात काही नसलेली, दुसऱ्याच्या घरी राहणारी पंचविशीतली विधवा असे बोलते, तेव्हा तिची श्रद्धा आधाराला टेकलेली नसून स्वतःच्या पायांवर उभी असते.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणारी ती शाळा होती. धोंडो केशव कर्व्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. 1893 मध्ये वादळ उठले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे ठरलेले असताना रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि मुली जाऊन बसत. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी नव्हती, पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच. रमाबाईंच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे लपवू नये. पण स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करा, ही अट त्यांनी का मानली नाही हेही समजून घ्यायला हवे. वडिलांनी आईला संस्कृत शिकवले म्हणून ज्या घरावर पंडितांनी रोष धरला होता, त्या घरातली ही मुलगी. मनात एक आणि बाहेर एक असे जगणे तिला जमणारेच नव्हते.

मग 1897 चा प्लेग. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळांत आणि विलगीकरण छावण्यांत बायकांची आबाळ आणि बेअब्रू होते, सदनातली एक मुलगी त्या व्यवस्थेत नेली गेली आणि तिचे नुकसान झाले, असे रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात उघड लिहिले. प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळले, रमाबाईंनी माघार घेतली नाही. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. पुण्यातले जे लोक चार वर्षांपूर्वी त्यांच्यावर तुटून पडले होते त्यांच्या गाऱ्हाण्याला या पत्राने बळ दिले. दुःख सोसताना माणूस कुणाच्या बाजूने उभा राहतो यावरून त्याची श्रद्धा जोखावी, असे कुणाला वाटत असेल तर हे पत्र समोर ठेवावे.

दुष्काळात माणसे गेली त्याचे कारण काय, हा प्रश्न रमाबाईंनी आयुष्यात सोडवला असे दिसत नाही. बायबलही तो सोडवत नाही. ईयोबाचे पुस्तक यासाठी पुन्हा वाचायला हवे. दहा मुले, गुरेढोरे, प्रकृती, सगळे गमावलेल्या ईयोबापाशी त्याचे मित्र येतात आणि सात दिवस न बोलता जमिनीवर बसून राहतात. तोवर ते चांगले मित्र असतात. बोलायला लागले की त्यांचा तोल जातो. तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असेल, देव उगाच शिक्षा देत नाही, ही त्यांची सुबक उपपत्ती. ईयोब ती झिडकारतो, देवालाच जाब विचारतो. आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो कुणावर? उपपत्ती मांडणाऱ्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रे इतकी आहेत की ती वगळली तर ते पुस्तक बरेच आटेल. वधस्तंभावर येशूने त्यातल्याच एका स्तोत्राच्या शब्दांत बापाला हाक मारली, तू मला का सोडलेस म्हणून. ही हाक ख्रिस्ती धर्माच्या मध्यभागी आहे. तरीही रविवारच्या उपासनेत गाऱ्हाण्याला जागा क्वचितच मिळते, साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाने प्रार्थना ऐकली गेल्याचेच सांगावे अशी अपेक्षा असते. जिची प्रार्थना ऐकली गेली नाही ती बाई मागच्या बाकावर बसून राहते.

लक्ष्मीबाई टिळकांनी हे मागच्या बाकावरचे जिणे वेगळ्या प्रकारे भोगले. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची बायको लक्ष्मीबाई जिवंतपणी नवऱ्याला मुकली. सवाष्ण की टाकलेली, हे धड कुणालाच ठरवता येईना. काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला राहायला गेल्या त्याही आपले सोवळे सांभाळत, चूल वेगळी मांडून. कुणाच्या दडपणाने नव्हे तर जातिभेद देवाने केलेला असणे शक्य नाही असा स्वतःच विचार करून त्यांनी सोवळे सोडले, आणि 1900 मध्ये राहुरीला बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा तापट स्वभाव, घरात आलेले पैसे वाटून टाकण्याची त्यांची सवय, मुलांचे मृत्यू, 1919 नंतरचे वैधव्य, हे सारे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. आणि तरी ते पुस्तक रडके नाही. आपला राग, आपला हट्ट, नवऱ्याशी झालेली भांडणे लक्ष्मीबाई जशीच्या तशी सांगतात. त्यांनी स्वतःला सोशिक पतिव्रता करून ठेवले नाही, म्हणून त्या पुस्तकातल्या श्रद्धेवर आजचा वाचक विश्वास ठेवतो. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुढे नेले, तेही शाळेचे रीतसर शिक्षण नसताना. चिकाटी म्हणायची तर हिला म्हणावे.

केडगावला 1900 च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास बायका आणि मुले होती. विहिरी खणल्या गेल्या, माग बसले, तेलघाणा आला, गुरे आली, छापखाना आला. मनोरमाने ब्रेल शिकून अंध मुलींना शिकवायला घेतले. ज्यांना कोणत्याच घरात थारा नव्हता अशा बायकांसाठी कृपा सदन वेगळे होते. त्या वस्तीची शिस्त कडक होती, आणि तिथल्या भावनाभरल्या प्रार्थनासभांविषयी बाहेर शंका घेतल्या जात. पण दुष्काळातून आलेल्या मुलीला तिथे अन्न मिळे, मग अक्षर, मग हाताला काम. या क्रमात रमाबाईंची सगळी धर्मदृष्टी आहे.

आयुष्याची अखेरची दीड दशके त्यांनी एका वेड्या वाटणाऱ्या कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या मूळ भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, चार बुके शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. 1921 मध्ये मनोरमा वारली. भुकेच्या दिवसांनंतर मिळालेले ते एकच रक्ताचे माणूस, आणि संस्था जिच्या हाती द्यायची तीही तीच. रमाबाई तेव्हा बहिऱ्या आणि थकलेल्या होत्या. त्यांनी काम थांबवले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. मुलीच्या मृत्यूत देवाचा काही गोड हेतू शोधण्याची घाई त्यांच्या या शेवटच्या महिन्यांत दिसत नाही. दिसते ते पुढचे पान.

आपल्या काळातही अशी माणसे आहेत. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि पुढची पाच वर्षे त्या बारीपद्यालाच, कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. खटला चालला, शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम ठेवली. त्या क्षमेने न्यायाची वाट अडवली नाही. आणि ती क्षमा ग्लॅडिस यांनी स्वतःहून दिली होती. दुसऱ्या कुणा विधवेकडे, मार खाल्लेल्या कुणा मुलीकडे ती मागण्याचा अधिकार ना पाळकाला आहे ना मंडळीला.

महाराष्ट्रातल्या चर्चनी यातून काही उचलायचे असेल तर ते अगदी व्यवहारातले आहे. अंत्यविधीच्या उपदेशात मृत्यूचे कारण समजावून सांगणे बंद करावे. वर्षातून काही रविवार गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांना द्यावेत, आणि ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही त्यांनाही साक्ष द्यायला उभे करावे. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी पाळकाकडे प्रार्थनेबरोबर वकिलाचा, समुपदेशकाचा आणि रात्री मुक्कामाला जागा देईल अशा घराचा पत्ता असावा. पाळकांच्या प्रशिक्षणात 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शिकवावा. केडगावला एकशे पंचवीस वर्षांपूर्वी कृपा सदन बांधले गेले होते. आजच्या शहरी मंडळ्यांकडे पैसा आणि जागा त्याहून कितीतरी जास्त आहे.