मंडप पुरे, वर्गणी काढा

मुळगाव, शिरगाव, मये, लामगाव, बोर्डे आणि पार पेडण्यापर्यंतच्या सर्व बंधुभगिनींनो,

घरे, देवळे, तळी आणि शेते खाणीच्या लीजमधून वगळा, ही मुळगावची मागणी काय आहे आणि तिचे काय झाले, हे सांगायला तुमच्यापुढे पत्रक काढण्याची गरज नाही. २०२२ च्या डिसेंबरात डिचोलीचा खनिज ब्लॉक लिलावात गेला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये जनसुनावणी झाली, लोक तळमळून बोलले आणि पुढच्या वर्षी यंत्रे सुरू झाली. याच काळात गोव्यात दुसराही एक उद्योग तेजीत होता. २०२३ च्या जुलैत जी-२० चे ऊर्जामंत्री इथे जमले, त्याच आठवड्यात ‘क्लीन एनर्जी मिनिस्टेरियल’ आणि ‘मिशन इनोव्हेशन’ या दोन जागतिक बैठकाही इथेच भरल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत बेतूलला भारत ऊर्जा सप्ताह झाला, २०२६ च्या जानेवारीत तो पुन्हा गोव्यातच आला. २०५० पर्यंत शंभर टक्के नवीकरणीय ऊर्जा, अशी घोषणाही होऊन गेली. फलकांवरचा गोवा हिरवागार होता. डिचोलीतला रस्ता मात्र अजून तांबडाच आहे.

या पत्रकात समाचार घ्यायचा आहे तो यजमानगिरीचा. जगाने येऊन ऊर्जेवर बोलावे, आपण मंडप, गाड्या, जेवणावळी आणि किनारा पुरवावा आणि यालाच ऊर्जाधोरण म्हणावे, अशी एक सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला जडली आहे. गंमत अशी की त्या पाहुण्यांपैकी ‘मिशन इनोव्हेशन’चा जन्मच वेगळ्या कामासाठी झाला होता. २०१५ मध्ये पॅरिसला २० देशांनी, त्यांत भारतही होता, स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनावरचा सरकारी खर्च पाच वर्षांत दुप्पट करण्याचे वचन दिले. म्हणजे ती मुळात वर्गणीदारांची सभा. तिथे जो तो आपली पावती घेऊन येतो. गोव्याने पावती कसली दाखवली? जमिनीतून निघालेल्या खनिजाच्या पैशातून ऊर्जा संशोधनासाठी आजवर किती रुपये बाजूला काढले, कोणत्या संस्थेला दिले, कोणत्या शेजाऱ्याबरोबर दिले, एवढ्या तीनच गोष्टी सरकारने जाहीर कराव्यात. त्या भरीव निघाल्या तर हे पत्रक आम्ही आनंदाने मागे घेऊ.

खाणीतल्या पैशातून संशोधनाची वर्गणी काढणे ही कुणा स्वप्नाळू माणसाची कल्पना नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा एक समूह स्थापन करणारा करार केला. या समूहाला कोळसा आणि पोलाद यांच्या उत्पादनावर थेट पट्टी बसवण्याचा अधिकार मिळाला आणि त्या पट्टीला साधारण एक टक्क्याची मर्यादा घातली गेली. त्या पैशातून काय करायचे, हेही करारातच लिहिले होते: उत्पादन आणि कामगारांची सुरक्षितता यांवर संशोधन, खाणी बंद पडल्यावर कामगारांना नवे शिक्षण, आधार. पन्नास वर्षांनी, २३ जुलै २००२ रोजी, कराराची मुदत संपली तेव्हा उरलेली ठेव देशांनी आपसांत वाटून रस्त्यांवर डांबर ओतले नाही. सुमारे १६० कोटी युरोंची ती मालमत्ता ‘कोळसा व पोलाद संशोधन निधी’ म्हणून राखली गेली आणि तिच्या उत्पन्नातून संशोधन चालू राहिले. या निधीच्या आणि युरोपीय संघाच्या मदतीने २००४ मध्ये १५ देशांतल्या ४८ कंपन्या आणि संस्थांनी मिळून कमी कार्बन सोडणारे पोलाद कसे बनवायचे याचा शोध सुरू केला. २०२१ पासून तर कोळसा काढण्याच्या तंत्राला त्या निधीतून पैसाच मिळत नाही. खाणी बंद झालेल्या प्रदेशांनी पुढे कसे जगायचे, स्वच्छ पोलाद कसे करायचे, यासाठीच तो आहे आणि २०२७ पर्यंत वर्षाला ११ कोटी १० लाख युरो एवढी रक्कम त्यातून द्यायची ठरले आहे. खनिजाने जन्माला घातलेला पैसा खनिजानंतरच्या आयुष्याकडे वळवला गेला, तोही सीमा ओलांडून.

आता आपला हिशेब मांडू. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींबाबत निकाल देताना विक्रीमूल्याचे १० टक्के कायम निधीत ठेवायला सांगितले. कशासाठी? शाश्वत विकासासाठी आणि पुढच्या पिढ्यांच्या न्याय्य हक्कासाठी. त्यानंतर २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला. जुन्या लीजधारकाने रॉयल्टीच्या ३० टक्के द्यायचे, लिलावातून आलेल्याने फक्त १० टक्के. लोहखनिजाची रॉयल्टी सरासरी विक्रीदराच्या १५ टक्के. म्हणजे लिलावातल्या खाणीतून शंभर रुपयांचे खनिज गेले की खाणग्रस्त गावांच्या नावाने दीड रुपया पडतो. जुन्या हिशेबाने साडेचार पडला असता. लिलाव पारदर्शक असतो म्हणतात. दीड रुपयाच्या आरपार बऱ्यापैकी दिसते, हे खरे. तरी हा दीड रुपया आणि कायम निधीचे दहा रुपये एकत्र धरले, तर युरोपातल्या त्या सहा देशांनी जी पट्टी एक टक्क्याच्या आसपास रोखून धरली, तिच्या कितीतरी पट वाटा आपल्याकडे निदान कागदावर तरी आहे. पैशाचा रस्ताही अडलेला नाही: प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या कामांच्या यादीत ऊर्जा आणि पाणलोट विकास या बाबी आहेतच. कमतरता आहे ती ‘संशोधन हे आपले काम नव्हे, कुणीतरी करील, आपण तयार माल आणू’ ही समजूत सोडण्याची.

तयार माल म्हणजे काय तेही पाहू. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेला २०२४ मध्ये ७५,०२१ कोटी रुपये मंजूर झाले, घराच्या छपरावरच्या तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. चांगली योजना आहे, घ्यावी. सगळ्या देशाच्या सगळ्या विषयांच्या संशोधनासाठी २०२३ च्या कायद्याने जे प्रतिष्ठान आले त्याचे उद्दिष्ट पाच वर्षांत ५०,००० कोटी आणि त्यातला मोठा भाग खाजगी क्षेत्राने द्यावा अशी अपेक्षा. छपरे विकत घेण्याला सरकारी तिजोरी, डोके चालवण्याला वर्गणीची अपेक्षा! भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के, युरोपीय संघाचा २.२ टक्क्यांच्या आसपास. तिकडेही सगळे आलबेल नाही, २००२ मध्ये बार्सिलोनाला ठरवलेले ३ टक्क्यांचे लक्ष्य त्यांना अजून गाठता आलेले नाही. पण सव्वादोनवर थांबलेल्याने तीनचे स्वप्न पाहणे आणि पाऊण टक्काही न गाठलेल्याने दिवे लावून परिषदा भरवणे यांत फरक आहे.

बरे, तयार माल आपल्याकडे चालेलच असे कुणी सांगितले? खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्याकडेच्या घरांवर जी तांबडी धूळ बसते तिचा सौर पॅनेलवर किती थर जमतो, त्याने वीज किती घटते, पावसाळ्याचे चार महिने आणि खारा वारा यांत ते पॅनेल किती वर्षे तगते, याची उत्तरे म्युनिकच्या किंवा शांघायच्या प्रयोगशाळेत मिळणार नाहीत. त्याहून मोठा प्रश्न खंदकांचा. डिचोलीतले काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. पाणी उपसत राहिले तर आसपासच्या विहिरी आटतात, उपसा थांबवला तर खंदक भरतो आणि पावसाळ्यात बांध फुटण्याची धास्ती राहते. नेदरलँड्समधल्या हेरलेन शहरातली शेवटची कोळसा खाण १९७४ मध्ये बंद झाली, पोकळ्या पाण्याने भरल्या. तिथल्या नगरपालिकेने युरोपीय निधीच्या मदतीने, इतर देशांतल्या खाणप्रदेशांना सोबत घेऊन त्या पाण्याचा अभ्यास केला आणि २००८ पासून खाणीतले पाणी इमारती गरम आणि थंड ठेवण्यासाठी वापरात आले. जर्मनीतल्या बोट्रोपची कोळसा खाण २०१८ मध्ये बंद झाली, तिच्यात पाणी वरखाली खेळवून वीज साठवता येईल का याचा अभ्यास तिथल्या विद्यापीठाने खाण चालू असतानाच केला. आमच्या खंदकात तसे होईल का? माती धरेल का, डंप खचेल का, शिरगावच्या झऱ्यांचे काय होईल? कदाचित उत्तर साफ नाही असे येईल. तेही उत्तर पैसे मोजून मिळवण्याजोगे आहे, कारण नाहीतर कुणीतरी एक दिवस तरंगत्या पॅनेलचा आराखडा घेऊन येईल, खंदकावर पसरेल आणि त्याला पर्यावरण पुनर्वसन म्हणेल.

आता आक्षेप. पहिला, सर्वांत लाडका: गोवा इवलासा, त्याने कसले संशोधन करायचे? गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. लक्झेंबर्गचे २,५८६. त्या देशाची लोकसंख्या १९५१ मध्ये जेमतेम तीन लाख होती, तरी तो सहा संस्थापकांपैकी एक होता आणि त्या समूहाचे मुख्यालय त्याच्याच राजधानीत थाटले गेले. इवलेपणाचे निमित्त करणाऱ्यांना परिषदेच्या वेळी गोवा जगाची राजधानी वाटतो, वर्गणी काढायच्या वेळी मात्र तो वाडा होतो.

दुसरा आक्षेप: म्हादई नदीच्या पाण्यावरून भांडणारी राज्ये एकत्र बसून संशोधन कसले करणार? फ्रान्स आणि जर्मनी यांचे युद्ध १९४५ मध्ये संपले, करार १९५१ मध्ये झाला. सहा वर्षांपूर्वी एकमेकांची शहरे बेचिराख करणारे लोक कोळशाच्या हिशेबाला एका टेबलावर बसले. आणि आपण तर आधीच बसलेलो आहोत. तिळारीचे धरण गोवा आणि महाराष्ट्र यांचे संयुक्त आहे, खर्चाचा वाटा ७३.३० आणि २६.७० टक्के असा दशांशापर्यंत ठरला, त्याचे पाणी आपण पितो. वीजही कोल्हापूरहून कोलवाळला येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिनीने आणि कर्नाटकातल्या अंबेवाडीहून फोंड्याला येणाऱ्या २२० केव्हीच्या वाहिनीने येते. गोव्याच्या मालकीचे मोठे वीज केंद्र नाही, आपले दिवे कोरबा-विंध्याचलच्या कोळशावर जळतात. पाणी सामाईक, तारा सामाईक, धूर दुसऱ्याच्या अंगणात. फक्त अभ्यास तेवढा ज्याचा त्याने करायचा, हा कुठला न्याय? युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ या काळातल्या, सुरुवातीला ९,५५० कोटी युरोंच्या ठरलेल्या संशोधन कार्यक्रमात संयुक्त प्रकल्पाला साधारण अट अशी की किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन संस्था एकत्र आल्या पाहिजेत आणि निघालेले शोधनिबंध सर्वांना फुकट वाचता आले पाहिजेत. हीच अट राज्यांना लावा. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, धारवाडची आयआयटी: तीन राज्ये, तिन्ही ठिकाणे डिचोलीहून सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येणारी.

तिसरा आक्षेप शहाण्या चेहऱ्याने येतो: युरोपने संशोधन केले आणि पॅनेलचा धंदा चीनने खाल्ला, मग काय उपयोग? सौर पॅनेलच्या उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे, हे खरेच. पण चीनने काय आभाळातून पॅनेल वेचले? आज जगात ज्या जातीचे सौर घट घरोघर बसले त्यांतल्या एका मोठ्या जातीचा शोध ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातल्या एका विद्यापीठात सरकारी पैशावर लागला, तिथे शिकलेल्यांनी चीनमध्ये कारखाने उभारले आणि जर्मनीने २००० च्या कायद्याने विजेला हमीभाव देऊन बाजार तयार केला. तीन खंडांतला सार्वजनिक पैसा एकत्र आला, म्हणून दहा वर्षांत पॅनेलची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. या सगळ्यात ज्याने काहीच घातले नाही, तो ग्राहक राहिला. आक्षेप घेणाऱ्यांना आपण ग्राहकच राहावे असे वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

गटारे आधी, रस्ते आधी, सभागृह आधी, असे म्हणणाऱ्यांशी फार वाद घालण्यात अर्थ नाही. ती कामे पंचायतीच्या, आमदार निधीच्या, सरकारच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून व्हायची असतात. पुढच्या पिढीच्या नावाने ठेवलेल्या पैशातून गटार बांधायचे, तर त्या पिढीला तेवढ्यासाठीच जन्माला घातले असे होईल.

एक आक्षेप मात्र आपल्याच माणसांचा आहे आणि तो मनापासूनचा आहे. खनिजाच्या पैशावर संशोधन केले तर खाणीला प्रतिष्ठा मिळेल, विद्यापीठे खाणीची मिंधी होतील, लीजमधली घरे विसरली जातील. ही भीती निराधार नाही. म्हणून क्रम स्पष्ट असावा. घरे, देवळे, तळी आणि शेते वगळण्याची मागणी आधी आणि स्वतंत्र, तिच्या बदल्यात कुठलाही प्रकल्प, कुठलीही प्रयोगशाळा घ्यायची नाही. पैसा घ्यायचा तो आधीच निघून मांडवीतून गेलेल्या खनिजाचा, मुदलाला हात न लावता त्याच्या व्याजाचा. विषय ठरवायचे ते खाणीनंतरचे, खाण वाढवण्याचे नव्हेत. ते चालवणाऱ्या समितीत खाणचालकाला जागा नाही. युरोपच्या त्या पैशाला कोळशाची बाजू सोडायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. आपण पहिल्याच दिवशी सोडू शकतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. कायम निधीच्या वार्षिक व्याजातला आणि जिल्हा खनिज निधीतला ठरावीक वाटा ऊर्जा आणि खंदकांच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा. तो गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतल्या किमान तीन सार्वजनिक संस्थांनी मिळून केलेल्या प्रस्तावांनाच द्यावा. शेजारच्या दोन्ही सरकारांनी आपापला वाटा त्यात घालावा, यासाठी तिळारीसारखा लेखी करार करावा. प्रत्येक अभ्यासाचा अहवाल मराठीत आणि कोंकणीत ज्या गावच्या जमिनीबद्दल आहे त्या गावच्या ग्रामसभेपुढे आधी वाचला जावा. आणि आजवरचा खर्च गावनिहाय जाहीर करावा. ठरावाची प्रत मुळगाव, शिरगाव, मये, लामगाव, बोर्डे इथल्या सर्व लोकप्रतिनिधींकडे आणि पेडण्यातल्या ग्रामसभांकडे पाठवायची आहे. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून सभेला या, कारण गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करणे हा दुसऱ्या बाजूचा आवडता खेळ आहे.